‘विकत घ्या’ या दोन शब्दांविषयीं

टीकाकारानें ग्रंथाचें परीक्षण करावें, पावतीचें करूं नये, असा संकेत आहे. परंतु ई-पुस्तकांच्या बाबतींत पावतीच अधिक वाचनीय झाली आहे. किंडलसाठीं ‘विकत घ्या’ हें बटन दाबून कादंबरी घेणाऱ्यानें सोबतचा करार वाचला, तर ग्रंथ विकलेला नसून वाचण्याचा परवाना तेवढा दिला आहे, असें त्यास आढळेल. अशा विसंगतीस वाङ्मयांत विनोद म्हणतात. व्यवहारांत तिला निराळें नांव आहे.

चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मोटारीच्या सांगाड्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो नोंदणीपत्रांत धन्याच्या नांवें उतरतो, आणि गाडी विकली म्हणजे नांव बदलतें. छापील पुस्तकास एवढाही खटाटोप लागत नाहीं. तें ज्याच्या फडताळांत, त्याचें. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १४ व्या कलमान्वयें, एकदां विकली गेलेली प्रत पुढें विकण्यास लेखकाची आडकाठी नाहीं.

ई-पुस्तकाच्या ग्राहकाजवळ पुरावा असतो तो पैसे दिल्याचा. २००९ च्या जुलैंत ॲमेझॉननें ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’च्या कांहीं प्रती, विकणाऱ्यास हक्क नव्हता म्हणून, ग्राहकांच्या यंत्रांतून काढून घेतल्या. पैसे परत केले. पावत्या खऱ्याच होत्या! २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें पुस्तकांचें दुकान मिटलें, तेव्हां किंमत तर परत दिलीच, शिवाय ज्यांनीं पुस्तकांत टिपणें केलीं होतीं त्यांच्या खात्यावर २५ डॉलर अधिक जमा केले. एकच ग्रंथ वीस वर्षें शिकविणाऱ्याच्या समासांतील टिपणांचाही हाच भाव काय, असें आम्ही अध्यापकाच्या नात्यानें विचारतों.

निगडी-आकुर्डीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत कपाटास जागा कोठें, हा आक्षेप खरा आहे. तथापि वडिलांचें कपाट मुलांकडे येतें. किंडलच्या करारांत मात्र पुस्तकावरील हक्क दुसऱ्याच्या नांवें करण्यास मनाई आहे.

कॅलिफोर्नियानें १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना देऊन त्यास ‘खरेदी’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर तसें स्पष्ट सांगण्याचें बंधन घातलें. त्यांतून जो माल कायमचा उतरवून स्वतःजवळ ठेवतां येतो तो वगळला आहे, आणि आमच्या मतें सर्व मर्म या अपवादांतच आहे. मराठी प्रकाशकांनीं ग्राहकाचें नांव घातलेली, कुलूप नसलेली प्रत अशीच उतरवून द्यावी. चोरीचें भय त्यांस वाटेल. पण छापील पुस्तकें विकतांनाही तें होतेंच.