सुवर्णकमळ आणि सरकारी नेमणुका

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला 2015च्या मे महिन्यात राष्ट्रपतींच्या हस्ते सुवर्णकमळ मिळाले आणि सप्टेंबरात अमोल पालेकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने तोच चित्रपट भारताची प्रवेशिका म्हणून ऑस्करकडे धाडला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी दिलेले अभिमानाचे मथळे अस्थानी नव्हते. परंतु त्या मथळ्यांच्या शेजारीच पुण्याच्या चित्रपट संस्थेतील विद्यार्थ्यांच्या संपाची वार्ता छापली जात होती, आणि या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असावा असे फारसे कोणी म्हणत नव्हते. तो संबंध मला स्पष्ट दिसतो, व तो सांगितल्यावाचून मराठी चित्रपटाच्या त्या वेळच्या स्थितीविषयी काही लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

'श्वास'पासूनचा इतिहास वाचकांस अवगत आहे. 'टाइमपास' आणि 'लय भारी' यांनी तिकीटबारीवर जे मिळवायचे ते मिळविले. त्यांविषयी याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही. थोर पुरुषांच्या चरित्रपटांची जी रांग लागली तिच्यात पुण्यतिथीच्या भाषणापलीकडे जाण्याची हिंमत मला आढळली नाही. 2015 सालीच आलेला 'कट्यार काळजात घुसली' गाण्यांच्या बळावर तरतो, आणि ते बळ मूळ नाटकाचे आहे.

खरी घटना घडली आहे ती अन्यत्र. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', अविनाश अरुण यांचा 'किल्ला' आणि ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हे तीन चित्रपट दोन वर्षांच्या अवधीत प्रेक्षकांपुढे आले, आणि मराठी चित्रपटाला संवादाच्या दास्यातून सोडवून पाहावयास शिकविण्याचे जे काम प्रभातच्या 'संत तुकाराम'नंतर अधूनमधूनच झाले होते, ते त्यांनी पुन्हा हाती घेतले. 'किल्ल्या'तला मुलगा मित्र निघून गेल्यावर भर पावसात त्या पडक्या तटबंदीत एकटा सापडतो, तेव्हा बदलीच्या गावी आलेल्या त्या पोरक्या पोराचे सारे दुःख एका शब्दावाचून आपल्यापर्यंत पोहोचते. 'फँड्री'त डुकरामागे धावणारे नायक जब्याचे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी ताठ उभे राहते आणि हाताशी आलेले डुक्कर निसटून जाते. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून नेताना मागील भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे सरकत जातात. एवढ्या दोन प्रसंगांत मंजुळे यांनी जे सांगितले ते सांगण्यास आमच्या सामाजिक कादंबरीला कित्येक प्रकरणे खर्ची घालावी लागली असती.

आणि 'कोर्ट'! एका वृद्ध लोकशाहिराच्या गीताने एका सफाई कामगारास गटारात जीव देण्यास प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून चाललेल्या खटल्याची ही कथा. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते आणि गीतांना संभाजी भगतांचा आवेश लाभला आहे. मात्र ताम्हाणे यांचा कॅमेरा आवेशाला बळी पडत नाही. तो दूर, स्थिर, जणू न्यायदालनाच्या मागच्या बाकावर बसून राहतो, आणि सरकारी वकील जुन्या कायद्यातील कलमे एकसुरात वाचीत असताना त्या कंटाळ्याचाच एक भाग आपण होऊन जातो. पुढे हीच वकीलबाई लोकलने घरी परतताना, मुलांना जेवू घालताना दिसते, आणि गीतांजली कुलकर्णी यांनी तिला इतके साधे, इतके शेजारचे रूप दिले आहे की तिचा राग येत नाही. राग न येणे हीच या चित्रपटातील सर्वांत भयंकर गोष्ट आहे. एक महिला बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून न्यायाधीश तिचा मामला पुढे ढकलतात, तेव्हाही स्वर चढत नाही. अखेरीस न्यायालयाचे दिवे एकेक करून मालवले जातात, दारे लागतात, पडद्यावर काळोख पसरतो, आणि चित्रपट संपला असे समजून प्रेक्षक उठू लागतात तोच न्यायाधीशमहाराज सहलीला निघालेले दिसतात. सत्ता कामाच्या वेळेपुरती नसते, ती सुटीवर निघालेल्या सज्जन गृहस्थाच्या अंगातही वसत असते, हे एवढ्या संयमाने सांगणारा दुसरा भारतीय चित्रपट मी पाहिलेला नाही.

आता प्रश्न असा की, गीत गाणाऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या व्यवस्थेचे हे चित्र ज्या शासनाने गौरविले, त्याच शासनाने त्या कलेच्या दारावर कोणाला बसविले? जानेवारीत लीला सॅमसन यांनी चित्रपट परिनिरीक्षण मंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागी आले पहलाज निहलानी, ज्यांनी निवडणुकीच्या काळात पंतप्रधानपदाच्या उमेदवाराच्या स्तुतीची चित्रफीत काढली होती. पदग्रहणानंतर थोड्याच दिवसांत चित्रपटांत कोणते शब्द उच्चारू नयेत याची यादी मंडळातून निघाली. 1952च्या कायद्याने प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मंडळास आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1970 साली अब्बास यांच्या खटल्यात मान्य केले आहे. पण अधिकार आहे म्हणून शब्दकोशावर फर्मान काढता येते असे त्या निकालात कोठेही नाही.

पुण्याचा मामला याहून गंभीर आहे. कारण मंडळ चित्रपट तयार झाल्यावर कात्री लावते, संस्था चित्रपट घडण्याआधी दृष्टी घडविते. श्याम बेनेगल, मृणाल सेन, अनंतमूर्ती, गिरीश कर्नाड, अदूर गोपालकृष्णन यांनी भूषविलेल्या संस्थेच्या अध्यक्षपदावर जूनमध्ये गजेंद्र चौहान यांची नेमणूक झाली. दूरदर्शनच्या 'महाभारता'त त्यांनी युधिष्ठिराची भूमिका केली, यात कमीपणाचे काही नाही. परंतु चित्रपटकलेच्या शिक्षणाविषयी त्यांनी कधी काही विचार मांडल्याचे, काही केल्याचे कोणास दाखविता आले नाही. जाह्नू बरुआ, संतोष सिवन, पल्लवी जोशी यांनी संस्थेच्या मंडळावरील आपली नावे काढून घेतली. विद्यार्थी 139 दिवस संपावर राहिले. ऑगस्टमध्ये मध्यरात्री पोलीस आवारात शिरले आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. ज्या आवारात एके काळी 'संत तुकारामा'चे चित्रण झाले, त्या आवारात.

मला सांगितले जाते की पूर्वीच्या सरकारांनीही आपलीच माणसे नेमली. नेमली असतील, पण मृणाल सेन कोणाचा माणूस होता, हे विचारताच तो युक्तिवाद कोलमडतो. दुसरा आक्षेप असा की विद्यार्थी वर्षानुवर्षे संस्थेत रेंगाळतात व प्रकल्प अपुरे राहतात. ही तक्रार खरी आहे आणि तिचे निवारण व्हायलाच हवे. मात्र त्यासाठी अध्यापक, साधने आणि निश्चित वेळापत्रक लागते, अध्यक्षपदी कोणाचीही वर्णी लावून ते प्रकल्प पुरे होत नाहीत. तिसरे असेही म्हणतात की ताम्हाणे आणि मंजुळे या संस्थेत शिकलेच नाहीत. कबूल. पण उमेश कुलकर्णी आणि अविनाश अरुण शिकले, आणि 'वळू', 'विहीर', 'देऊळ', 'किल्ला' हे चित्रपट वजा करून मराठीचा अलीकडचा हिशेब कोणी मांडून दाखवावा.

28 ऑक्टोबरला विद्यार्थ्यांनी संप मागे घेतला, आणि त्याच दिवशी आनंद पटवर्धन, दिबाकर बॅनर्जी आदी चित्रपटकारांनी आपले राष्ट्रीय पुरस्कार परत करीत असल्याचे जाहीर केले. त्यांच्यावर देशद्रोहापर्यंतचे आरोप झाले. पटवर्धनांना दूरदर्शनवर आपले चित्रपट दाखविण्यासाठी एकामागून एक सरकारांविरुद्ध न्यायालयात जावे लागले आहे. तेव्हा त्याच वर्षी त्यांना सत्तेचा राग आला, असे म्हणणाऱ्यांनी त्यांचा 'जय भीम कॉम्रेड' पाहिलेला नाही. सुवर्णकमळ ही सत्ताधाऱ्यांची मेहेरनजर नव्हे. परीक्षकांनी प्रजासत्ताकाच्या वतीने दिलेली ती साक्ष आहे, आणि त्या साक्षीचा अवमान होत असेल तर ती परत करण्याचा हक्क कलावंताला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

2015 सरेपर्यंत चौहान यांनी पुण्यात येऊन पदभार स्वीकारलेला नव्हता. तो न स्वीकारताच त्यांनी ते पद सोडायला हवे होते, आणि माहिती व नभोवाणी मंत्रालयाने पुढील निवड चित्रपटकार, अध्यापक व माजी विद्यार्थी यांच्या स्वतंत्र समितीकडे सोपवावी, त्या समितीच्या शिफारशी जाहीर कराव्या व त्यांत फेरफार करू नये. ही मागणी विद्यार्थ्यांची होती म्हणून तिला बालिश ठरविण्यात आले. ज्यांनी 'कोर्ट' पाहून अभिमान बाळगला, त्या प्रत्येक मराठी प्रेक्षकाने ती आपली मागणी म्हणून मंत्रालयाकडे लेखी पाठवावी.