सरासरी कशाची आणि किती काळापुरती

अवकल समीकरणात एखादा प्रचल, म्हणजे त्या प्रश्नापुरती स्थिर मानलेली राशी, फारच लहान असला, तर उकलीत बहुधा दोन गती गुंतलेल्या आढळतात: एक जलद आवर्तनांची आणि दुसरी त्या आवर्तनांचा परमप्रसर व कला संथपणे पालटत नेणारी. सरासरीच्या पद्धतीत जलद गतीच्या एका पूर्ण आवर्तनावर सरासरी घेतली जाते आणि संथ गतीचे तुलनेने सोपे समीकरण हाती येते. ग्रहकक्षांतील दीर्घकालीन बदल शोधताना लाग्रांज व लाप्लास यांनी हाच मार्ग धरला. 1818 मध्ये गाउस यांनी क्षोभक ग्रहाऐवजी त्याच्या कक्षेवर पसरलेले वस्तुमानाचे कडे कल्पिले, आणि ग्रह जिथे अधिक काळ रेंगाळतो तिथे ते तितकेच जड मानले. पद्धतीला काटेकोर सिद्धता मात्र 1928 मध्ये फातू यांच्याकडून मिळाली, आणि क्रिलॉव्ह व बोगोल्युबॉव्ह यांच्या 1937 च्या ग्रंथाने तिला व्यापक शास्त्राचे रूप दिले.

या पद्धतीचा सोपेपणाच फसवा आहे. एकक वारंवारतेच्या दोलकाचे अवमंदन, म्हणजे वेगाला होणारा रोध, काळाच्या कोज्येच्या वर्गाच्या चार एप्सिलॉन पट आहे असे मानू. एप्सिलॉन हा लहान प्रचल. कोज्यावर्गाची सरासरी अर्धी, म्हणून अवमंदन दोन एप्सिलॉन धरले, तर परमप्रसर एप्सिलॉनच्या दराने घटतो असे उत्तर येते. दोलक मध्यस्थितीतून सोडला असता खरा दर त्याच्या दीडपट असतो, कारण जिथे रोध जास्त तिथेच वेगही जास्त, आणि दोहोंच्या गुणाकाराची सरासरी ही सरासरींचा गुणाकार नव्हे. एप्सिलॉन 0.1 असता 10 एकक काळानंतर मूळ परमप्रसराचा सुमारे 0.22 भाग उरायला हवा. घाईची सरासरी 0.37 सांगते. म्हणून समीकरण आधी परमप्रसर व कला या चलांत मांडावे आणि मगच सरासरी घ्यावी, हा क्रम म्हणजे पद्धतीचा प्राणच होय.

दुसरी मर्यादा काळाची. मूळ प्रमेय एप्सिलॉनच्या व्यस्ताएवढ्या काळापुरतीच एप्सिलॉनएवढ्या त्रुटीची हमी देते. उपयोजनांत ही अट सर्रास विसरली जाते, ही या विषयातील खरी खेदाची बाब आहे. एकाहून अधिक वारंवारता असल्या, तर त्यांचे गुणोत्तर लहान पूर्णांकांचे होताच, म्हणजे अनुस्पंदन घडताच, जलद मानलेले पदच संथ होते. गुरूच्या पाच प्रदक्षिणा शनीच्या दोहोंशी जवळजवळ जुळतात, आणि त्यातून सुमारे 900 वर्षांचे आवर्तन उपजते.

तरीही काळजीपूर्वक घेतलेली सरासरी किती दूर पाहू शकते, हे 1989 मध्ये लास्कार यांनी दाखवले: सुमारे दीड लाख पदांच्या सरासरी समीकरणांतून त्यांना सूर्यमालेची गती दीर्घकाळात अनियत असल्याचे आढळले. 2009 मध्ये सरासरी न घेता केलेल्या 2501 गणनांपैकी सुमारे एक टक्क्यात बुधाच्या कक्षेची विकेंद्रता खूप वाढल्याचे दिसून आले.