अद्भुत संख्या आणि हातचा

१११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. गणितातील गमतीजमती सांगणाऱ्या पुस्तकांत हा वर्ग हमखास सापडतो. १, १२१, १२३२१ अशा पायऱ्या रचत नेतात, शेवटी ही सतरा अंकी संख्या येते आणि बहुधा तिथेच पान संपते. आमची तक्रार या थांबण्याबद्दल आहे.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिक्षक असलेले द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी या संख्यांना 'डेम्लो' कुळात घातले. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरील आजचे डोंबिवली; कल्पना त्या स्थानकावर सुचली म्हणून ते नाव. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये त्यांनी यांवर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'अद्भुत' हे विशेषण होते. पुढच्यांनी विशेषण तेवढे उचलले, कुळाची खूण मागे राहिली.

अद्भुताचे कारण साधे आहे. नऊ एकांची संख्या एकेक घर सरकवून नऊ वेळा मांडा. रकान्यांत १, २, ३ असे नऊपर्यंत चढत जाणारे आणि पुन्हा उतरणारे एक जमतात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून आरसा शाबूत राहतो. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो. आरसा फुटला! पुस्तके नेमकी या पायरीआधी थांबतात, आणि आमच्या मते धडा येथूनच सुरू व्हायला हवा.

कापरेकरांची खूण अशी: डावा आणि उजवा भाग मिळवला की मधला अंकच पुन्हापुन्हा यावा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९ आहेच. आता दहा एकांचा वर्ग हातचा न घेता वाचा: डावीकडे १२३४५६७८९, मध्ये १०, उजवीकडे ९८७६५४३२१. दोन्ही बाजूंची बेरीज १११११११११०, म्हणजे नऊ एकांच्या संख्येची बरोबर दहापट. आरसा गेला तरी नाते टिकले. आरसा हा दशमान लेखनाचा योगायोग. अष्टमानात तो सात एकांपर्यंतच टिकेल. नाते मात्र लेखनपद्धतीवर अवलंबून नाही. एवढी मोलाची गोष्ट गाळून केवळ चमत्कार दाखवणे म्हणजे मुलांना जादूगाराच्या प्रयोगाला बसवणे होय.

(मोठेपणाचे म्हणाल, तर 'लीलावती'तील स्थाननामांप्रमाणे या सतरा अंकी संख्येचा पहिला अंक 'मध्य' स्थानी पडतो, 'परार्ध' एकच घर पुढे.)

पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाकाठची शाळा असो की शहरातली, यासाठी फळा आणि खडू पुरतात. साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर सतरा अंक मावतही नाहीत. मुलांना अंकांची बेरीज करायला लावावी. नऊ एकांच्या वर्गात ती ८१ येते, म्हणजे नवाचा वर्ग. दहा एकांच्या वर्गात १०० यायला हवी, येते ८२. प्रत्येक हातच्याला एका घरातले दहा जातात, शेजारी एक वाढतो, म्हणून नऊ घटतात. येथे दोन हातचे, अठरा घटले. अकरा एकांच्या वर्गात बेरीज ८५ भरते. त्यात हातचे किती, हे गुणाकार न करता वर्गाने सांगावे, आणि मग रकाने मांडून ताडून पाहावे.