रिबन, छत आणि नव्वद सेकंद

ठाणे-डोंबिवलीत बर्फ भेटतो तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर मासळीबाजारात. त्यामुळे फिगर स्केटिंगमधलं जुनं भांडण, उड्या मोजायच्या की नाच पाहायचा, इथे कुणाच्या गावी नसावं. प्रत्यक्षात तेच भांडण इथल्या मुली कितीतरी वर्षं गालिच्यावर खेळतायत. खेळाचं नाव रिदमिक जिम्नॅस्टिक्स.

13 मीटर लांब-रुंद चौकोन, सव्वा ते दीड मिनिटाचं संगीत आणि हातात हूप, बॉल, क्लब्स किंवा रिबन. ठाण्याचं नाव या खेळात पहिल्यांदा ठळक झालं ते पूजा सुर्वेमुळे. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ती भारतीय संघात होती, पुढे प्रशिक्षक झाली. तिच्या फिनिक्स अकादमीत घडलेल्या संयुक्ता काळेने 2022 मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं लुटली. 2023 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तर जिम्नॅस्ट प्रणती नायकबरोबर ती सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. म्हणजे ठाण्यात हा खेळ आता हौसेचा राहिलेला नाही. प्रश्न पुढचा आहे: पदकं येतात, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत काय उरतं?

याचं अर्धं उत्तर गुणपत्रिकेत आहे. 2018 पासून या खेळात काठिण्याच्या गुणांवरची वरची मर्यादा उठली. साधन हवेत उंच फेकायचं, ते खाली येईपर्यंत निदान दोन गिरक्या किंवा कोलांट्या मारायच्या आणि मग झेलायचं, याला 'रिस्क' म्हणतात. वाढीव प्रत्येक गिरकीला 0.10, न बघता झेललं तर आणखी 0.10. मग काय, जगभरच्या प्रशिक्षकांनी वाण्याच्या वहीसारखा हिशेब मांडला. संगीत मागे वाजतंय आणि मुलगी पुढे बेरीज करतेय, असं दिसायला लागलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली इस्रायलच्या लिनॉय आश्रमने रशियाच्या दिना आव्हेरिनाला अवघ्या 0.15 गुणांनी मागे टाकलं. शेवटच्या फेरीत आश्रमच्या हातून रिबन पडली होती, त्यामुळे पंचांवर केवढा गदारोळ झाला! 2022 पासून कलात्मकतेला वेगळे पंच आणि दहापैकी वेगळे गुण मिळाले. 2025 च्या नियमांत मोजल्या जाणाऱ्या करामतींची संख्याही कमी केली गेली.

फिगर स्केटिंग या वाटेने आधीच जाऊन आलं आहे. 2002 च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमधल्या पंचांच्या घोटाळ्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली, घटकवार मोजणी आली. 2022 मध्ये इलिया मालिनिनने साडेचार गिरक्यांची अ‍ॅक्सेल उडी यशस्वी करून दाखवली. मोजणी नेमकी झाली, नाच हरवल्याची तक्रार मात्र तीच राहिली.

आपल्याकडे या तक्रारीत छताची भर पडते. रिस्कसाठी फेक उंच हवी, पण सराव बहुतेकदा शाळेच्या नाहीतर संस्थेच्या सभागृहात चालतो. तिथे वर तुळई, ट्यूबलाइट आणि पंखा. मुलगी फेकते ती पंखा चुकवून. मोठ्या स्पर्धेत उंच छत मिळालं की तिचा अंदाज चुकतो, साधन उशिरा खाली येतं आणि ती संगीताच्या अर्धी मात्रा मागे पडते. लय बिघडली म्हणून गुण कापले जातात. दोष मात्र तिच्या 'एक्स्प्रेशन'ला लागतो!

रिबनचं दुखणं आणखी नाजूक. सहा मीटरची साटीनची पट्टी, टोकाला काडी. साप काढायचा, स्पायरल काढायचं, पट्टी जमिनीला टेकू द्यायची नाही. जुलैतल्या दमट संध्याकाळी ती जड पडते, शेपूट ओढली जाते. पंखा लावला तर वारा तिला विस्कटतो. बंद ठेवला तर मुली घामाने भिजतात. मनगट जरा थांबलं की गाठ. गाठ बसली की चेहऱ्यावरचं हसू तसंच चिकटलेलं राहतं, डोळे मात्र पट्टीवर.

ते चिकटलेलं हसू हीच आपल्या रचनांची खरी उणीव वाटते. यातल्या कितीतरी मुली आठवड्यातून दोनदा भरतनाट्यम नाहीतर कथकच्या क्लासलाही जातात. गडकरी रंगायतनात किंवा डोंबिवलीच्या फुले कलामंदिरात अभिनयाचा तुकडा झकास करणारी पोर गालिच्यावर आली की चेहरा जणू चपलांबरोबर बाहेर ठेवून येते. 2013 पासून शब्द असलेलं गाणंही चालतं, तरी निवड होते ती कुठल्यातरी परदेशी चित्रपटाच्या धडधडत्या संगीताची. त्यात समेवर यायला जागाच नसते. गायक पं. राम मराठे ठाण्याचेच. त्यांच्या तानांची तयारी ऐकून लोक थक्क व्हायचे, पण ती तान समेवर येऊन पडायची, म्हणून तर दाद मिळायची. हे ज्या गावाच्या कानाला ठाऊक आहे, त्या गावच्या मुलींना लय परदेशातून आणावी लागू नये.

डोंबिवलीच्या भोईर जिमखान्यात ट्रॅम्पोलिनवर उडणाऱ्या मुलांची यातून सुटका आहे. तिथे काठिण्य, सफाई, हवेत राहिलेला वेळ आणि मधोमध पडणं एवढंच मोजतात. कलेसाठी रकानाच नाही. तरी दहा उड्यांची सलग मालिका एका श्वासात झाली की बाकावरचे पालक 'वा!' म्हणतात.

2026 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या यादीतून रिदमिक वगळलं गेलं, तेव्हा राष्ट्रीय पदक हे मोठं दार. त्यामुळे सभागृहात घाई असते. स्पीकरवर संगीत लागतं, प्रशिक्षक ताई टाळ्या वाजवत मोठ्याने मोजतात, 'पाच, सहा, फेक, गिरकी, गिरकी, झेल!' आणि दीड मिनिटात मूळ चाल कोणती होती ते दारात उभ्या असलेल्या आईलाही सांगता येत नाही.