परतलेल्या स्त्रीचा चेहरा

युद्धोत्तर जर्मनीवरच्या चित्रपटांना आज तोटा नाही. पडक्या इमारती, जुने कोट, सिगारेटींचा काळाबाजार हे सगळे तपशील आता बिनचूक उभे केले जातात. पण छळछावणीतून जिवंत परतलेल्या माणसाकडे कॅमेरा किती वेळ पाहतो, या कसोटीवर यादी झपाट्याने आखडते. ख्रिस्टियान पेत्सोल्ट यांचा 'फिनिक्स' (२०१४) त्या यादीत अग्रस्थानी आहे.

त्याचे मोल कळायला १९४६ पर्यंत मागे जावे लागते. वोल्फगांग श्टाउड्टे यांचा 'मारेकरी आपल्यातच आहेत' हा युद्धानंतरचा पहिला जर्मन चित्रपट. अमेरिकी अधिकाऱ्यांनी नकार दिल्यावर तो सोव्हिएत विभागात डेफा या संस्थेने काढला. युद्धातल्या हत्याकांडाचा हुकूम देणारा कॅप्टन आता प्रतिष्ठित कारखानदार झाला आहे, हे सांगण्याचे धैर्य त्यात होते. मात्र हिल्डेगार्ड क्नेफची सुसान छावणीतून परतते ती नीटनेटक्या केसांनी, आणि आल्या आल्या घर आवरायला लागते. तिने काय भोगले, हे तिला कोणी विचारत नाही. साऱ्या कथेचे दुखणे माजी सैनिक असलेल्या डॉक्टरचे.

ज्यू निर्माते आर्टुर ब्राउनर यांनी १९४८ मध्ये 'मोरिटुरी'तून छावणीतून निसटलेल्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा प्रेक्षकांनी पाठ फिरवली. पन्नाशीच्या दशकात पडद्यावर डोंगर, कुरणे आणि सुखान्त प्रेमकथा आल्या. फासबिंडरने 'मारिया ब्राउनचे लग्न' (१९७९) मध्ये युद्धोत्तर सुबत्ता कशाच्या बदल्यात आली याचा हिशेब निर्दयपणे मांडला. तरी त्याही हिशेबात केंद्रस्थानी जर्मन स्त्रीच होती.

'फिनिक्स' हे केंद्रच हलवतो. नेली लेन्झ ही ज्यू गायिका आउशवित्झमधून वाचली आहे. गोळीने तिचा चेहरा उद्ध्वस्त झाला आहे. शस्त्रक्रियेनंतर ती बर्लिनच्या ढिगाऱ्यांत नवऱ्याला, जॉनीला, शोधून काढते. जॉनी तिला ओळखत नाही. मृत पत्नीशी थोडेफार साम्य असलेली ही बाई बायको म्हणून उभी केली, तर तिची संपत्ती हाती लागेल, असा त्याचा बेत आहे. तो तिला तिचेच हस्ताक्षर, तिचीच चाल शिकवतो आणि लाल पोशाखात, पॅरिसच्या बुटांत आगगाडीतून उतरायला सांगतो. छावणीतून अशी कोण येते, हा तिचा सवाल त्याला गैरलागू वाटतो.

इथेच पेत्सोल्ट आणि सहलेखक हारून फारोकी यांनी श्टाउड्टेच्या चित्रपटाला गाठले आहे. परतलेली स्त्री सजून, हसत, काही न सांगता यावी, ही जॉनीची अट १९४६ च्या पडद्याचीही होती. नवऱ्याने बायकोला ओळखू नये, हे अशक्य वाटते खरे. पण न ओळखण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्या डोळ्यांवर विसंबायचे कशाला? नेली साकारणाऱ्या नीना हॉसचा अभिनय या शंकेला पुरून उरतो. सुरुवातीला अंग चोरून चालणारी नेली अखेरच्या प्रसंगात गाऊ लागते, हातावरचा क्रमांक दिसतो आणि जॉनीची पियानोवरची बोटे थांबतात. खुलाशाचा एकही संवाद नाही. उणीव एकच: नेलीला आधार देणाऱ्या लेनेचा शेवट पडद्याआड घडतो, तिच्या निराशेला पुरेशी जागा मिळत नाही.

याच सुमारास आलेले 'असत्याचा चक्रव्यूह' (२०१४) आणि 'राष्ट्र विरुद्ध फ्रिट्झ बाउअर' (२०१५) हे सरकारी वकिलांना नायक करतात. त्यातली माहिती मोलाची. पण प्रेक्षक न्यायाच्या बाजूने बसून निर्धास्त होतो. डोनर्समार्क यांच्या तीन तासांच्या 'नजर वळवू नकोस' (२०१८) मध्ये तर कॅमेरा गॅस चेंबरच्या आत शिरतो आणि मृत्यूही देखणा करून ठेवतो.

पेत्सोल्ट छावणी दाखवतच नाहीत. ९८ मिनिटांत ते प्रेक्षकाला जॉनीच्या खुर्चीत बसवतात, आणि ती खुर्ची बोचते. श्टाउड्टे आणि पेत्सोल्ट लागोपाठ पाहावेत: पहिल्याने जिला घर आवरायला लावले, तिचे ऐकायला जर्मन पडद्याला ६८ वर्षे लागली.