ओटिसला कास कशी?

स्टीव्ह ओडेकर्क यांच्या 'बार्नयार्ड' (२००६) या ॲनिमेशनपटाचा नायक ओटिस हा नर आहे. आवाज केविन जेम्सचा, चाल टपोरी पोराची. पण पोटाखाली चांगली गुलाबी कास लोंबतेय. त्याच्या बापाला, बेनलाही तशीच. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या पोराला हे पोस्टर दाखवा. ते आधी हसेल आणि मग विचारेल, हा बैल आहे का गाय?

इंग्रजीत 'काऊ' म्हटलं की सगळं खपून जातं. मराठीत खपत नाही. गाय, बैल, वळू, गोऱ्हा, कालवड हे शब्द वेगळे आहेत, कारण कुणाला जुंपायचं आणि कुणाचं दूध काढायचं हे त्या शब्दांतच ठरलेलं आहे. ओटिसला मराठीत बोलवायचं तर अनुवादक पहिल्याच वाक्याला अडेल.

कास हा गंमतीचा भाग आहे, हे मान्य. पण ही गंमत तिथेच चालते जिथे जनावराला काम उरलेलं नाही. 'बार्नयार्ड'मध्ये शेत आहे, शेतकरी आहे, मात्र शेतीचे कष्ट जवळपास नाहीत. मालकाची पाठ वळली की जनावरं दोन पायांवर उभी राहतात, नाचतात, पार्टी करतात.

तरी एका जागी हा चित्रपट खरा होतो. कोल्ह्यांच्या जातीचे कायोटी कोंबड्या पळवायला येतात, म्हणून बेन रात्रभर राखण करतो. ओटिस आपली पाळी टाळतो, बेन त्याच्या जागी थांबतो आणि कोंबड्यांना वाचवताना जीव गमावतो. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला जागलीवर बसणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओटिस बेनचा पोटचा नाही, त्याला सापडलेलं पोरकं वासरू आहे. म्हणजे राखणीचा वारसा रक्तातून आलेला नाही. इतकी मोठी गोष्ट हाती असून चित्रपट घाईघाईने पुढच्या विनोदाकडे पळतो.

बोलणारा बैल आपल्याला नवा नाही. पंचतंत्राची पहिली मोठी गोष्ट संजीवक नावाच्या बैलाची आहे. व्यापाऱ्याची गाडी ओढताना तो जायबंदी होतो, मालक त्याला रानात सोडून पुढे जातो. त्यानंतर तो सिंहाशी मैत्री करतो, राजकारणात सापडतो. त्याच्या प्रत्येक शब्दामागे तो ओढलेला गाडा आहे.

आणि पोळा? आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकायचे, त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. इथे बैल बोलत नाही, माणूस त्याच्याशी बोलतो. जुवाचे घट्टे पडलेल्या खांद्याला हात लावून बोलतो. 'बार्नयार्ड'मध्ये जनावरांचा सगळा आटापिटा आपलं बोलणं माणसाला कळू नये यासाठी असतो.

पण फक्त हॉलिवूडला नावं ठेवून भागणार नाही. नांगरटीला ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे होत चालले. विदर्भातल्या तान्ह्या पोळ्यात पोरं चाकांवरचा लाकडी बैल मिरवतात. घरी खरी जोडी असेल तर तो लाकडी बैल तिची आठवण करून देतो. जोडी नसेल तर तोही ओटिससारखाच, दिसायला गोड आणि खांद्यावर एकही घट्टा नसलेला.

'बार्नयार्ड' पोरांना जरूर दाखवा, हसू येतंच. फक्त त्यांनी कासेबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला मोबाइल बाजूला ठेवा.