मीठ धुणाऱ्या घरातली बाई

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आमच्याकडे नेहमी अर्धाच वाचतात. विश्वास कृतीतून दिसला पाहिजे, हा उत्तरार्ध पाळकबुवांना तोंडपाठ. त्यावरून वर्गणीचा विषय काढायला बरा पडतो. पण त्या अध्यायाची सुरवात बसायच्या जागेवरून होते. सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला की त्याला मानाची जागा, आणि मळक्या कपड्यातला आला की तू तिकडं उभा रहा, नाहीतर खाली पायाशी बस. याकोब यालाच आधी हात घालतो. उघड्या-उपाशी भावाची नुसत्या गोड शब्दांनी बोळवण करणारा त्याच्या तावडीत नंतर सापडतो. म्हणजे कृती म्हणजे आधी जागा, मग भाकरी. आमच्या गावच्या चर्चमध्ये साहेबलोकांना खुर्च्या आणि म्हाताऱ्यांना सतरंजी. तिथं हा पूर्वार्ध कोण वाचणार?

हे माप हातात घेऊन मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचली. पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आले. तेव्हापासून आमच्या समीक्षकांनी त्यातल्या विनोदावर आणि प्रांजळपणावर पाने भरली. टिळकांचा विक्षिप्त स्वभाव, बाईंचे सोसणे, हसू, आसू. सगळे खरे आहे. पण या पुस्तकाचा कणा पाणी आहे, हे कुणी धडपणे सांगत नाही.

बाई जलालपूरच्या गोखल्यांची. बापाला सोवळ्याचे वेड, इतके की घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतले तर उरणार काय, हा प्रश्न त्या घराला पडत नव्हता. अशा घरातली पोर. नवरा, नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा घेतो. बाईचा संसार मोडतो. पुढे ती नवऱ्याकडे येते, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. नवऱ्यावर जीव आहे, त्याच्या देवावर भरवसा नाही. आणि मग एके दिवशी तिचे तिलाच कळते की जाती माणसांनी केल्या, देवाने नाहीत. कुठल्या साहेबाच्या प्रवचनाने नाही, स्वतःच्या डोक्याने. त्यानंतर ती कुणाच्याही हातचे पाणी पिते. बाप्तिस्मा त्याच्या नंतर, १९०० साली.

हा क्रम नीट बघा. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. धर्मशास्त्रवाले म्हणतात विश्वास आधी, कृती हे त्याचे फळ. बाईंनी फळ आधी खाल्ले. पुढे दुष्काळातली पोरे घरात आली, वाढली, तेही ती उपकाराच्या थाटात लिहीत नाही. भांडी किती, गोंधळ किती, असेच लिहिते. तिच्या मराठीत प्रवचन नाही. म्हणून मला ती विश्वासू वाटते. ख्रिस्ती छापखान्यांतून निघालेल्या कितीतरी पुस्तकांत पान उलटले की उपदेश अंगावर येतो.

आता भांडण. बाई पाणी प्यायली, तर जात तिची जाणार होती. २० मार्च १९२७ ला महाडात आपली माणसे पाणी प्यायली तेव्हा तळे बाटले म्हणून शेण-गोमूत्र ओतून शुद्ध करून घेतले. पाणी तेच, उतार वेगळा. ती वरून खाली आली म्हणून तिच्या कृतीला कथा मिळाली. नगर जिल्ह्यातले महार-मांग टिळकांच्या कितीतरी आधी, अमेरिकन मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. कुणी मेलेली ढोरे ओढायची नाही म्हटले, तर बलुते गेले, गावकीचा रोष अंगावर आला. तो भरवसा नव्हता? पुस्तकात आपली ही माणसे येतात ती बहुतेक घेणारी म्हणून. हात पुढे केलेली. त्यांनी काय सोडले ते बाईंना दिसले नाही, की सांगायला कुणी बसलेच नाही? दोष सगळा तिच्यावर टाकणे मला जमत नाही. तिने तिचे लिहिले. आमचे आम्ही लिहिले नाही.

बाबासाहेबांनी १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे हे तोंडावर सांगितले होते, की सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही लढलाच नाहीत. ते आमच्या मंडळींना लागले, पण झोंबले नाही. उपासना चालू राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार सरकारदरबारी महार नाही, आणि चर्चच्या सतरंजीवर मात्र पक्का महार. हे ज्याच्या अंगावरून गेले त्याच्या लेखणीतून आलेली 'स्मृतिचित्रे' मला हवी आहेत.

कुणाच्या घरी आजी-आजोबांनी काही लिहून ठेवलेली वही असेल, नसेल तर ते बोलले ते उतरून घ्या, आणि पाठवा. अक्षर वाईट असले तरी चालेल. स्टेन्सिल मी कापतो.